खंडेनवमीचं तेल

शहापुरात खंडेनवमीच्या संध्याकाळी माग थांबतात आणि गल्लीला एकदम बहिरेपण येतं. बारा महिने त्या खडखडाटात जेवणारी, भांडणारी, झोपणारी माणसं त्या संध्याकाळी घरात कुणी आजारी असल्यासारखी हळू बोलायला लागतात. मागाची धूळ झटकायची, फिरणाऱ्या प्रत्येक टोकाला तेल द्यायचं, हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि मग दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो दिवस मागाच्या विसाव्याचा. विणणाऱ्याला तेवढाही विसावा नसतो, ही गोष्ट वेगळी.

यंदा यल्लाप्पांच्या, म्हणजे आप्पांच्या, घरात ही शांतता ऐन श्रावणातच येऊन बसली होती. त्यांची कंबर इतकी दुखायची की मागासमोर उभं राहणं दूरच, भिंतीला टेकूनही बसवत नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, मालीश झालं, कुणीतरी सांगितलेला पट्टा बांधून झाला. शेवटी मुलगी सुवर्णा त्यांना जवळजवळ ओढतच आपल्या दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत उतरलेला निघाला. त्यानंतर काही दिवसांतच आप्पांनी माग काढून टाकला. मागाच्या जागी फरशीत त्याच्या पायांचे खड्डे राहिले, आणि सुवर्णाची आई रुक्माबाई रोज केर काढताना त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

सुवर्णा हायवेजवळच्या एका दवाखान्यात न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागात तंत्रज्ञ होती. विभाग तळघरात. जाड भिंती, जाड दरवाजे, दारावर किरणांच्या धोक्याचा पिवळा-काळा पंखा रंगवलेला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "तू तितं करतीस काय गं नेमकं?" ती म्हणायची, "औषध तपासते." ते खरंच होतं, पण त्यातलं तपासणं म्हणजे काय हे सांगायला बसलं की बायकांच्या भाकरी करपायच्या.

सांगायचं तर असं. आप्पांच्या रोगावरचं ते औषध दोन गोष्टींचं मिळून होतं. एक किरणं फेकणारा धातू आणि दुसरा त्याला पाठीवर घेऊन कॅन्सरच्या पेशीपर्यंत नेणारा वाहक. दोघं एकमेकांना घट्ट धरून असतील तर धातू जिथं जायचा तिथंच जातो आणि रोग जाळतो. सुटला तर तो हाडांत जाऊन बसतो आणि आतला मगज, जिथं रक्त तयार होतं, तोच जाळतो. रोज बनवताना दोघं नीट चिकटतीलच असं नसतं. सगळं तेच, तसंच करूनही एखाद्या दिवशी चिकटत नाहीत. का, ते देवालाच ठाऊक.

म्हणून कागदाची पट्टी. बोटभर रुंदीच्या पट्टीच्या खालच्या टोकाला औषधाचा बारीक थेंब ठेवायचा आणि ते टोक द्रावणात उभं करायचं. द्रावण कागदातून वर चढतं, जोडीनं असलेलं औषध आपल्याबरोबर वर नेतं आणि सुटलेला धातू खालीच ठेवून जातं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पट्टी कोरीच्या कोरी. ती वाचायची यंत्रानं. यंत्रातला रबराचा रूळ पट्टी संथपणे ओढत एका बारीक फटीखालून नेतो, फटीवरचा डोळा किरणं मोजत जातो आणि पडद्यावर डोंगर उमटतात. खालचा डोंगर सुटलेल्याचा, वरचा जोडीचा. खालचा जवळजवळ सपाट हवा. तो डोंगर वर आला तर औषध पेशंटला द्यायचं नाही, एवढा साधा नियम.

हे यंत्र येण्याआधी सुवर्णा पट्टी कात्रीनं मधोमध कापायची आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजायची. किचकट काम, पण चुकत नसे. मग कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतलं हे जुनं यंत्र आलं. त्याचा रूळ झिजला होता. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जाऊन तिनं स्वतः उभं राहून त्याच्यावर नवं रबर चढवून घेतलं होतं. तेव्हापासून ते यंत्र तिचंच झालं. डॉक्टर नागेंद्र, तिचे साहेब, थट्टेनं म्हणायचे, "सुवर्णा रजेवर गेली की हे पण रुसतंय." धारवाडकडचा माणूस, मराठी कानडीच्या चालीवर बोलायचा, पण मनानं चांगला.

आप्पांचा पहिला डोस दसऱ्याला ठरला. सुट्टीचा दिवस, दुसरे पेशंट नाहीत, शिवाय मुंबईहून धातूचा माल त्याच सकाळी यायचा होता. म्हणून आप्पांना नवमीच्या दुपारीच भरती केलं.

संध्याकाळी दवाखान्यातही पूजा झाली. लिफ्टपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, गेटावर कोहळा फोडलेला, वॉर्डात चिरमुऱ्यांची खैरात. आप्पा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. तोंडात एक चिरमुरा घातला नव्हता.

"काय झालं आप्पा? दुखतंय?" सुवर्णानं विचारलं.

"न्हाय." मग आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "आज माज्या हातनं कशाची पूजा झाली न्हाय बग. शेंबडा व्हतो तवापासनं चुकली नव्हती. बाच्या मागाची केलो, मग माज्या मागाची केलो. आज हात रिकामं."

सुवर्णाला भरून आलं. ती म्हणाली, "माझ्या मशिनीची करा की मग."

त्यांनी वर बघितलं. "तुज्या मशिनीची? चालतंय?"

चालत नव्हतं. पेशंटला त्या खोलीत न्यायची परवानगी नव्हती. पण माल उद्या यायचा होता, खोलीत आज किरणांचं काही नव्हतं, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर महिन्यांत दिसला नव्हता असा हुरूप आला होता. रुक्माबाईंनी पूजेची पिशवी भरून पाठवलीच होती, दवाखान्याच्या खोलीत देव मांडतील म्हणून. सुवर्णा त्यांना खुर्चीवर बसवून तळघरात घेऊन गेली.

आप्पांनी यंत्राचं झाकण उचलून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. पट्टीची वाट, रूळ, फट.

"अगं, ह्यो मागच हाय की," ते म्हणाले. "कापड ओढून घ्यायचा रूळ असतोय, तसाच. हिकडनं घेतोय, तिकडं सोडतोय. लई बारका माग."

"आणि विणतंय काय?"

"ते तुला ठावं. तू शिकलीयास." आणि हसले. आजारपण सुरू झाल्यापासून सुवर्णानं त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. सदऱ्याच्या बाहीत खोचलेली चिंधी काढली. विणकराच्या अंगावर कपडा नसला एकवेळ चालेल, पण चिंधी असते. तेलाचा हात कापडाला लागला की साडी वाया, म्हणून कापडाला हात घालायच्या आधी प्रत्येक वेळी बोटं पुसायची. लहानपणी सुवर्णाला वाटायचं, आप्पांना बोटं पुसायची खोडच आहे. जेवायला बसतानासुद्धा पुसायचे. आता त्यांनी चिंधीनं यंत्राची धूळ पुसली, आणि पिशवीतून चोचीची छोटी तेलाची डबी काढली.

"आप्पा, तेल नको," सुवर्णा म्हणाली.

"अगं, तेल न दिता पूजा कसली? सुक्या मागाला कुंकू लावतंय व्हय कोण? रुळाला न्हाय लावत मी, येवडं कळतंय मला. दोन टोकांस्नी, थेंब थेंब. फिराय हलकं जाईल."

तिला थांबवता आलं असतं. तिनं पुढं स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की त्या वाक्यातला अर्थच निघून गेला. त्या क्षणी तिच्या समोर दुसरंच काही होतं. गेले कित्येक दिवस वाकून, कण्हत, भिंत धरून चालणारा तिचा बाप खुर्चीत ताठ बसला होता. त्यानं डबीची चोच रुळाच्या एका टोकाला टेकवली, एक थेंब सोडला, मग दुसऱ्या टोकाला. तेवढाच. बोटं चिंधीला पुसली. मग यंत्राच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले आणि डोळे मिटून पुटपुटले. काय पुटपुटले ते सुवर्णाला ऐकू आलं.

"माज्या पोरीचा माग हाय. नीट चाल."

दसऱ्याच्या सकाळी मुंबईची गाडी राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर अडकली. पेटीवर किरणांचं पिवळं लेबल, आणि नाक्यावर सणाच्या दिवशी नव्यानं उभा केलेला कुणी तरी शिपाई. सुवर्णा ड्रायव्हरशी बोलली, मग त्या शिपायाशी कानडीत बोलली, मग त्याच्या साहेबाशी बोलली. गाडी आली तेव्हा उन्हं वर आली होती. डॉक्टर नागेंद्रांना संध्याकाळच्या आत धारवाडला घरी पोचायचं होतं, तरी ते शांतपणे म्हणाले, "सावकाश कर. घाई नाही." पण घाई होतीच. वर वॉर्डात आप्पांना सलाईन लावून झालं होतं, नर्स सौम्या दर थोड्या वेळानं फोन करत होती.

सुवर्णानं औषध बनवलं. गरम केलं, थंड केलं, पट्टीवर थेंब ठेवला, पट्टी द्रावणात उभी केली. कालची माळ बाजूला केली आणि पट्टी यंत्रात घातली. रूळ फिरायला लागला.

खालचा डोंगर उमटला, ठेंगणा. मग वरचा. तो चढला, आणि चढतच राहिला, आणि उतरायला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. रुंद, भरघोस डोंगर. यंत्रानं हिशेब करून आकडा दाखवला. उत्तम. तिनं आजवर बनवलेल्या चांगल्या औषधांच्या तोडीचा.

सुवर्णाच्या छातीवरचा दगड उतरला. ती इतकी खूश झाली की पट्टी काढायला झाकण उचललं तेव्हा पट्टीचं शेवटचं टोक रुळातच राहिलंय, बाहेर आलेलं नाही, हे तिनं बघितलं आणि बघून सोडून दिलं. नेहमी पट्टी पूर्ण बाहेर यायची. आज टोक आत होतं. तिनं ते बोटानं ओढून काढलं, पट्टी पाकिटात घालून शिशाच्या पेटीत ठेवली आणि वर फोन केला. "सौम्या, सरांना सांग. औषध पास."

कात्री शेजारीच टेबलावर होती. संशय आला तर कापून मोजायचं, असा विभागाचा नियम होता. पण संशय येणार कुणाला, यंत्राचा आकडा इतका चांगला असताना आणि पेशंट आपला बाप असताना? जे हवं असतं ते समोर दिसलं की माणूस त्याच्याकडं जरा कमीच बघतो.

औषध आप्पांच्या शिरेत गेलं. दोन दिवसांनी ते घरी आले. गल्लीतल्या पोरांनी दिलेलं सोनं उशाशी ठेवलं होतं, ते त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला उलट वाटलं. येणारे विचारायचे, "काय म्हणतंय औषध?" आप्पा म्हणायचे, "औषध तर हायच. पण मशिनीला तेल म्या घातलोतो. माज्या हातची पूजा हाय." आणि डोळे मिचकावायचे.

सुट्टी संपल्यावर सुवर्णानं रोज सकाळची, दसऱ्याच्या घाईत राहून गेलेली तपासणीची पट्टी यंत्रात घातली. त्या पट्टीवर दोन सारखे ठिपके असतात, दोन डोंगर सारखेच यायला हवेत. एक बारका आला आणि एक लठ्ठ. तिनं पट्टी पुन्हा घातली. या वेळी पहिला लठ्ठ आणि दुसरा बारका. टोक आत अडकून राहिलं होतं.

ती खाली वाकली. रुळाचं रबर एका बाजूनं चकाकत होतं. टोकाला सोडलेला तो थेंब रबराच्या कडेकडेनं सरकत, रात्रभरात आत उतरला होता. तेलकट जागा पट्टीखाली आली की रूळ फिरायचा आणि पट्टी जागची हलायची नाही. फटीखाली जे काही असेल त्याची मोजणी तेवढा वेळ चालूच राहायची, आणि त्याचा डोंगर खोटाच फुगायचा. दसऱ्याला फटीखाली जोडीचं औषध होतं.

मुंबईच्या धातूत एक बरं असतं, किंवा वाईट म्हणा. त्याची किरणं बरेच दिवस टिकतात. शिशाच्या पेटीतली आप्पांची पट्टी अजून बोलत होती. सुवर्णानं चिमट्यानं ती बाहेर काढली, कात्री घेतली, मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे मोजले. मग पुन्हा मोजले. पाव हिस्सा सुटलेला होता. पाव. ते औषध तिनं टाकून द्यायला हवं होतं.

ती खुर्चीवर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

डॉक्टर नागेंद्रांना तिनं लगेच सांगितलं. लपवायचं तिच्या मनातही आलं नाही, निदान ते तरी. त्यांनी तुकडे बघितले, रूळ बघितला, बोटानं पुसून वास घेतला.

"तेल कोण घातलं हे?"

"मी," सुवर्णा म्हणाली. "नवमीला. पूजेच्या आधी."

ते तिच्याकडं बघत राहिले. "तू?"

"हो सर. मागाला घालतात तसं. घरची सवय."

त्यांनी डोळे मिटले. "तुला आता ही खोली देता येणार नाही, सुवर्णा. वर कळवावं लागतंय. आणि पेशंटला सांगावं लागतंय."

"मी सांगते. माझेच वडील आहेत."

"सांगशील?"

"हो."

नाही सांगितलं. रोज सांगू म्हणायची. घरी गेली की आप्पा खाटेवर उठून बसलेले असायचे, आईला म्हणायचे, पाठ आज जरा बरी हाय. अशा माणसाला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं? तुमच्या हातच्या तेलानं तुमचं रक्त जळणार आहे म्हणून? त्यापेक्षा माझ्या हातनं झालं, हे सांगणं सोपं होतं. तेही तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, कदाचित काही होणारही नाही. डॉक्टर तसंच म्हणाले होते, एवढ्यानं कुणाला बाधतं, कुणाला नाही. माणूस अशा "कदाचित"वर बरेच दिवस काढतो.

दिवाळीच्या सुमाराला आप्पांच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. रुक्माबाई म्हणाल्या, डास चावलेत. मग दातांना राखुंडी लावताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. रक्त तपासलं, तर प्लेटलेट्स इतक्या खाली की तपासणाऱ्यानं पुन्हा तपासून बघितलं. आप्पा परत भरती झाले. रक्ताच्या पिशव्या चढल्या, उतरल्या. दुसरा डोस द्यायचा होता, तो आता देता येणार नव्हता. ज्या औषधानं पाठ बरी होत होती ते औषध संपलं, आणि पाठ पुन्हा पेटली. मरणाला दोन दारं होती आणि दोन्ही आता सताड उघडी होती.

सुवर्णा तोवर तळघरात नव्हती. तिला वर नोंदणीच्या खिडकीत बसवलं होतं. आप्पांना ती सांगायची, सध्या वरचं काम जास्त आहे. तिथून ती दर थोड्या वेळानं वॉर्डात डोकावायची.

एका सकाळी डॉक्टर नागेंद्र तिथं होते. सौम्या चादर बदलत होती. आप्पांचा आवाज बसला होता, पण बोलायची हौस गेली नव्हती. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"डॉक्टर, तुमच्या मशिनीचं बरं हाय न्हवं? चालतीया न्हवं नीट?"

"चालतंय, आप्पा."

"न्हाय, म्हणजे तिला नवमीला तेल म्या घातलोतो. ही घालू देत नव्हती. म्या म्हटलं, अगं सुक्या मागाला कुंकू लावत न्हाईत. पुढच्या वक्ताला कोण घालील की न घालील, तवा ध्यानात ठेवा. रुळाच्या दोन टोकांस्नी. थेंब थेंब."

सौम्याच्या हातातली चादर थांबली. विभागात रुळाच्या तेलाची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या सुवर्णाकडं बघितलं. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कुणाची चूक कुणी अंगावर घेतली हेही कळलं होतं.

"ठेवतो ध्यानात," ते म्हणाले, आप्पांच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. सौम्याही गेली.

पण आप्पांनी आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यावरनं कापडाचा दोष ओळखला होता. व्यापारी साडी उलगडून काही बोलत नाही, नुसता घडी परत घालतो, तेव्हा विणकराला कळतं. ते सुवर्णाकडं वळले.

"काय झालं गं?"

"काही नाही आप्पा."

"म्या तेलाचं काडलो आणि समद्यांनी तोंडं फिरवली. काय झालं?"

ती खाटेच्या कडेला बसली.

आप्पा छताकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, हिशेब करावा तसे. मग हळूच म्हणाले, "रबर व्हतं न्हवं त्या रुळावर."

सुवर्णानं होकाराची मान हलवली.

"आमच्या रुळाला पत्रा असतोय. खरबरीत. तेल उतरलं तरी कापड सुटत न्हाय." त्यांनी अंगठा बोटांवर घासून बघितला. "रबर धरत न्हाय तेलात. पट्टी घसरली व्हय?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. इतके दिवस तिनं त्यासाठीच तर तोंड शिवून ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिला रडू आलं, दसऱ्यापासून न आलेलं सगळं एकदम आलं, आणि तिनं त्यांच्या हातावर डोकं टेकलं.

"माझी चूक, आप्पा. टोक आत राहिलं होतं. मी बघितलं होतं. मी कापून मोजायला पाहिजे होतं."

"आणि त्यास्नी तू सांगितलीस, तेल तू घातलीस म्हणून?"

तिनं डोकं वर केलं नाही.

"म्हणून तुला वर बसवल्यात?"

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, आणि त्याच्यावर निळे डाग होते.

"म्या थेंबभरच घातलोतो," ते म्हणाले. "थेंबभर." मग त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. तिच्याशी नाही, रुक्माबाईंशी नाही, भेटायला येणाऱ्यांशी तर नाहीच. कुणी पूजेचं विचारलं तर भिंतीकडं तोंड करायचे.

शेवटचे दिवस ते गुंगीतच होते. कोण आलं, कोण गेलं, कळत नव्हतं. फक्त हात चालायचा. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चादरीवर घासत राहायची, पुसल्यासारखी, थांबायची, पुन्हा पुसायची. सौम्याला वाटलं, काहीतरी टोचतंय. तिनं चादर झटकली, बदलली. नव्या चादरीवर पुन्हा तेच.

सुवर्णाला कळत होतं. सदऱ्याची बाही रिकामी होती, दवाखान्याच्या कपड्यांत चिंधी कोण ठेवतं. तिनं आपल्या ओढणीचं टोक त्यांच्या मुठीत दिलं. आप्पांनी ते चाचपलं, चिंधी नव्हे, चांगलं कापड आहे हे ओळखलं, आणि बोटांना अजून तेल असल्यासारखा झटकन हात मागं घेतला.